गुडघा गप्प झाला तो आठवडा

माझे भाऊजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, लोकांच्या घरांची छपरं शाकारायचे. हात चांगला होता त्यांचा, पण गाव त्यांना ओळखायचं ते हातासाठी नव्हे, उजव्या गुडघ्यासाठी. अठ्ठाविसाव्या वर्षी ते पोस्टाच्या छपरावरून शिडी न वापरता खाली आले आणि गुडघा फुटला. डॉक्टरने जमेल तसा जोडला. तेव्हापासून पाऊस यायचा असला की तो आधीच दुखायला लागायचा.

ढग आले की म्हाताऱ्यांचे सांधे कुरकुरतात, तसलं हे नव्हतं. भाऊजींच्या दुखण्याला वेळापत्रक होतं. सकाळी दुखला तर संध्याकाळपर्यंत पाऊस, रात्री दुखला तर उद्या दुपारी. नुसता बाजूने ठणकला तर शिडकावा, वाटीच्या आतून कळ आली तर धो धो. तेहेतीस वर्षं मी त्यांच्या हाताखाली होतो. त्यातली पहिली दोन कौतुकात गेली. उरलेली एकतीस वर्षं, खोटं कशाला बोलू, ते एकदा तरी चुकावेत म्हणून मी डोळ्यांत तेल घालून वाट पाहिली. एकदाही चुकले नाहीत.

गवंडी स्लॅब टाकायच्या आधी भाऊजींना विचारायचा. न्हावी टॉवेल वाळत घालायच्या आधी विचारायचा. शाळेच्या मैदानी स्पर्धांची तारीख भाऊजी ठरवायचे. अक्कल गुडघ्यात असलेली माणसं सगळ्याच गावांत असतात; आमच्या गावाने सगळ्यांची अक्कल एकट्या भाऊजींच्या गुडघ्यात नेऊन ठेवली होती.

त्यांची काम करायची रीतही त्या गुडघ्यातूनच आलेली. बाकीचे कारागीर छपराचा एक पट्टा उघडतात, तेवढा दुरुस्त करतात, बंद करतात, मग पुढचा. शिवाय ताडपत्री हाताशी. भाऊजी अख्खं छप्पर एकाच दिवशी उघडायचे. पहिल्या दिवशी सगळी कौलं खाली, दुसऱ्या दिवशी कौलांखालच्या कुजलेल्या लाकडी रीपा काढून नव्या ठोकायच्या, तिसऱ्या दिवशी कौलं परत वर. आठवड्याचं काम तीन दिवसांत. आणि ताडपत्री कधीही न्यायची नाही. मी एकदा हातगाडीत टाकली तर त्यांनी ती भर रस्त्यात काढून फेकली. "माझ्याच पायावर पहारेकरी बसवतोस काय रे?" म्हणाले. लोक हसले. लोक नेहमी हसायचे, कारण भाऊजी नेहमी वरून बोलायचे आणि मी नेहमी खाली असायचो, डोक्यावर कौलं घेऊन.

आता माझंही सांगतो, म्हणजे पुढचं नीट समजेल. मी तिशीचा असताना एका घरी छपराचं काम चाललं होतं आणि त्या घरच्या मुलीचं आणि माझं जमत आलं होतं. तिच्या वडिलांनी भाऊजींना विचारलं, मेहुणा कसा आहे तुमचा? भाऊजी छपरावरून ओरडून म्हणाले, "पोरगा चांगला आहे हो, पण जन्मभर खालीच उभा राहणार!" गंमत म्हणून म्हणाले. ती मुलगी पुढे सुताराच्या घरी दिली. मी ताईच्या मागच्या खोलीत राहिलो तो राहिलोच. ते मी विसरलो असं सगळ्यांना वाटत होतं. मी तसं वाटू दिलं.

गेल्या थंडीत भाऊजींचा गुडघा पारच गेला. शिडीच्या चौथ्या पायरीवर घामाघूम व्हायचे. माझी भाची मोठ्या शहरात इस्पितळात नर्स आहे, ती येऊन घेऊन गेली आणि गुडघा बदलूनच परत पाठवला. धातूचा. दोन महिन्यांत भाऊजी जवान माणसासारखे चालायला लागले. गावाला आनंद झाला. धातूला पाऊस कसा कळेल, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. आमच्या तिघांच्या आलं, भाऊजींच्या, ताईच्या आणि माझ्या. आणि आम्ही तिघंही मूग गिळून बसलो.

मग तो आठवडा आला. थंडी सरून झाडांना पालवी फुटायचे दिवस, आणि हवा अशी की सकाळी घातलेला स्वेटर दहाला काढावा आणि चारला शोधत फिरावं.

सोमवारी ऊन पडलं. दुकानदारांनी खुर्च्या बाहेर काढल्या. भाऊजी नाक्यावर उभे राहून म्हणाले, "कोरडं जाईल." गेलं. ते घरी आले ते शीळ घालत.

मंगळवारीही म्हणाले, कोरडं. दुपारी वारा सुटला, वाण्याच्या दारातले खोके रस्त्यावर लोळायला लागले आणि पाठोपाठ सर आली. न्हाव्याचे बारा टॉवेल दोरीवर होते. संध्याकाळी तो दारातूनच ओरडला, "काय हो, गुडघा झोपला होता वाटतं!" भाऊजी म्हणाले, सर होती ती, पाऊस नव्हे, सरीला मी मोजत नाही. घरी आल्यावर त्यांनी विजार वर केली आणि बंद पडलेल्या घड्याळाला मारावी तशी गुडघ्यावर टिचकी मारली. मी दारात उभा आहे हे त्यांना माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं.

बुधवारी मंगळवारची भरपाई म्हणून त्यांनी सांगितलं, आज जोरात येणार. सकाळी धुकं होतं, अंगात गारठा भरत होता, कुणालाही पटलं असतं. गवंड्याने माणसं परत पाठवली, कालवलेला माल वाया गेला. अकरा वाजता धुकं फाटलं आणि असं लख्ख ऊन पडलं की कुत्री सावली शोधायला लागली. गवंडी तावातावाने नाक्यावर आला. "माझे आठ लोक घरी बसलेत. गुडघ्याला विचारता की स्वतःच्या मनाला?" भाऊजींचा चेहरा उतरला. तेहेतीस वर्षांत त्यांना कुणी असं बोललं नव्हतं.

पण खरी गोष्ट बुधवारी दुपारी झाली. मास्तरीणबाई आल्या.

त्या आणि त्यांचे यजमान, दोघांनी मिळून अर्ध्या गावाला शिकवलेलं. मास्तर चार वर्षं अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले. खालची खोली ओलसर, म्हणून त्यांना वर ठेवलेलं, थेट छपराखाली. वरचा मजला म्हणजे एकच मोठी खोली. जिना इतका अरुंद की पलंगसुद्धा तुकड्यातुकड्यांनी वर नेऊन तिथे जोडला होता. मास्तरांना खाली आणायचं म्हणजे खुर्चीला बांधून चार माणसांनी उचलायचं. छपराच्या रीपा कुजल्या होत्या, कौलं सरकली होती, आणि गुरुवारपासून ते काम आमच्याकडे ठरलेलं होतं.

"लोक काहीबाही बोलतायत," मास्तरीणबाई म्हणाल्या. "तुमचं काय म्हणणं आहे? ह्यांना तीन दिवस खाली हलवू का? हलवायचं म्हटलं की फार त्रास होतो त्यांना, पण हलवते. स्पष्ट सांगा."

एवढंच विचारलं बाईंनी. भाऊजींनी नुसतं 'हलवा' म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण 'हलवा' म्हणजे 'मला कळत नाही', आणि ते मास्तरीणबाईंना कळलं की संध्याकाळपर्यंत गावाला कळलं. मग ते इतर चार छप्परवाल्यांसारखे एक झाले असते, त्यातही सगळ्यांत म्हातारे. पुढचा मोसमच काय, एक कौलसुद्धा कुणी त्यांच्याकडून बसवून घेतलं नसतं. हे त्यांच्या तोंडावर मला स्पष्ट दिसत होतं.

"कशाला हलवता मास्तरांना?" भाऊजी म्हणाले. "रविवारपर्यंत थेंब नाही. पडू दे त्यांना निवांत."

बाईंनी सुटकेचा श्वास सोडला. मी शिडीची दोरी गुंडाळत होतो, ती गुंडाळत राहिलो.

संध्याकाळी ताईने मला मागच्या दारी गाठलं. हातात घडी केलेली ताडपत्री. "ह्यांना आता काही कळत नाही रे. रात्री उठून गुडघा दाबत बसतात, दुखतोय का बघतात. मी बोलले की अंगावर येतात. तू सांग. तुझं ऐकतील."

"माझं? माझं कधी ऐकलंय त्यांनी?"

"आता ऐकतील. घाबरलेत ते. म्हणावं, पट्टा पट्टा उघडा. नाहीतर निदान ही तरी ने गाडीत, खाली लपवून."

"बरं," मी म्हणालो. ताई आत गेली आणि मी ताडपत्री सरपणामागे ठेवून दिली. भाऊजी पुन्हा रस्त्यात काढून फेकतील, तमाशा होईल, असं मी स्वतःला समजावलं. नाव भाऊजींच्या रागाचं, हौस माझी. मला त्यांना एकदा, फक्त एकदा, अख्ख्या गावासमोर तोंडघशी पडलेलं बघायचं होतं. मास्तरांचा विचार मनात आला नाही असं नाही. आला. चार थेंब पडतील, सतरंज्या भिजतील, त्यापलीकडे काय होणार, असं म्हणून मी झोपलो. झोप छान लागली.

गुरुवार निर्मळ उजाडला. संध्याकाळपर्यंत सगळी कौलं अंगणात रचून झाली. भाऊजी नव्या गुडघ्याने वाशांवरून असे फिरत होते की रस्त्यावर माणसं थांबून बघायची. मास्तर पलंगावर उताणे पडून वर बघत होते. चार वर्षांनी त्यांना छपराऐवजी आकाश दिसत होतं. एका बाजूने ओढलेल्या तोंडाने ते काहीतरी म्हणाले, बाईंनी आम्हाला उलगडून सांगितलं, "म्हणतायत, असंच राहू दे." आम्ही सगळे हसलो.

शुक्रवारी निघताना ताईने दारातच विचारलं, "सांगितलंस?"

"सांगितलं," मी म्हणालो. "ऐकत नाहीत."

दुपारपर्यंत निम्म्या रीपा ठोकून झाल्या. हवा एकदम उबदार झाली आणि वारा अगदी पडला. एकही पान हलेना. खालून मला घरांच्या मागून वर चढत आलेला ढग दिसला, जांभळट, कडा पांढरी. भाऊजींची पाठ तिकडे होती. मी हाक मारू शकत होतो. चार माणसं गोळा करायला, मास्तरांना खुर्चीला बांधून खाली आणायला तेवढा वेळ होता. मी रीपांची मोळी उचलून वर दिली. त्यांनी ती घेतली, खिळा ओठात धरला, आणि पहिला थेंब त्यांच्या हातावर पडला तेव्हा ते आधी हाताकडे नाही, गुडघ्याकडे बघायला लागले.

मग गारा आल्या. सुपारीएवढ्या, मग त्याहून मोठ्या. भाऊजी वाशावरून थेट खोलीत उतरले. मी जिन्याने वर धावलो. मास्तरांच्या कपाळावर गारा फुटत होत्या आणि त्यांना मान वळवता येत नव्हती. मास्तरीणबाईंनी छत्री उघडली, ती पहिल्या झोतात उलटी झाली, तेव्हा त्या सरळ नवऱ्यावर पालथ्या झाल्या आणि हातांनी त्यांचं डोकं झाकलं. भाऊजी ओरडले, "ताडपत्री! ए, ताडपत्री!" तेहेतीस वर्षांत पहिल्यांदा मागितली. मी म्हणालो, नाही आणली.

आम्ही खालचं दार बिजागरीतून काढून वर आणलं आणि डोक्यावर धरून उभे राहिलो, मी एका टोकाला, ते दुसऱ्या. अर्धा पलंग झाकला, अर्धा भिजत राहिला. गादी पाण्याने भरली. भाऊजी मला दार धरायला लावून माणसं आणायला धावले. जिन्यावरून तीन तीन पायऱ्या उतरत गेले, तसेच वर आले, परत गेले. त्यांना इतकं जोरात पळताना मी जन्मात पाहिलं नव्हतं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, दारं बंद, गारांच्या आवाजात हाका कुणाला ऐकू जाणार. तिसऱ्या खेपेला न्हावी आणि वाणी सापडले. मास्तरांना खाली आणलं तेव्हा पाऊस थांबला होता आणि ऊन पडलं होतं. चाळीस मिनिटं गेली होती. मास्तरांचे ओठ निळे पडले होते.

शनिवारी दिवसभर कुंद हवा होती आणि एक थेंब पडला नाही. मास्तर इस्पितळात, छाती भरलेली. भाऊजी सकाळपासून तिथल्या बाकावर बसून होते, कुणी बस म्हटलं नव्हतं तरी. दुपारी मास्तरीणबाई बाहेर आल्या. त्यांच्या हातांवर गारांचे काळेनिळे वळ होते.

"शुक्रवारी सकाळी काय म्हणत होता गुडघा?" त्यांनी विचारलं. वर्गात विचारावं तसं विचारलं.

"काही नाही," भाऊजी म्हणाले. "ऑपरेशन झाल्यापासून काहीच म्हणत नाही. मला माहीत होतं, बाई. मी खोटं बोललो."

बाईंनी हातांवरच्या वळांवर पदर ओढून घेतला. मग म्हणाल्या, "मी विचारलं होतं तुम्हाला." आणि आत गेल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. मला कशाला बघतील, मी तर फक्त कौलं उचलणारा.

मास्तर रविवारी पहाटे गेले. सकाळ इतकी सुंदर होती की राग यावा. स्वच्छ ऊन, धुतलेलं आकाश, सगळीकडे कोवळी पानं. ताई भाऊजींना म्हणाली, "असं दाढी वाढलेलं तोंड घेऊन शेवटचं बघायला जाऊ नका. आधी न्हाव्याकडे जा." मला म्हणाली, तूही जा बरोबर. म्हणून आम्ही दोघं गेलो.

न्हाव्याच्या दुकानात रविवारची गर्दी. आम्ही शिरलो तशी बडबड थांबली. न्हाव्याने भाऊजींना खुर्चीत घेतलं, फडकं बांधलं, साबण लावला. मी मागच्या बाकावर बसलो, गवंडी आणि वाण्याच्या मध्ये. समोर आरशात सगळे सगळ्यांना दिसत होते.

गवंडीच बोलला पहिला. "इस्पितळात कबूल केलंत म्हणे. माहीत होतं म्हणून. म्हणजे माणूस मारलात की तुम्ही."

"छे, छे," न्हावी म्हणाला, आणि वस्तरा भाऊजींच्या गळ्यावर टेकवला. "काहीतरीच काय. ऑपरेशनच्या आधी तरी कुठे कळत होतं? कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ. आपण खुळे, म्हणून विश्वास ठेवला."

वाण्याने मान हलवली. "खरंच. शाळेच्या स्पर्धा त्या वर्षी भिजल्याच होत्या ना?"

नव्हत्या भिजल्या. मी होतो तिथे. दोरी धरायला मीच उभा होतो, आणि शेवटचं बक्षीस वाटून झाल्यावर पाव तासाने पाऊस आला होता.

"माझ्या पहिल्या स्लॅबचंही तेच झालं," गवंडी म्हणाला. "पाणी लागलं म्हणून तर तडा गेला." तो तडा सिमेंट कमी घातल्यामुळे गेला होता, हे अख्ख्या गावाला माहीत होतं. पण एकेकजण बोलत गेला आणि तेहेतीस वर्षांतला प्रत्येक कोरडा दिवस दहा मिनिटांत ओला झाला. गळ्याला वस्तरा लागलेला माणूस काय बोलणार. भाऊजींचे फक्त डोळे आरशात इकडून तिकडे फिरत होते, आणि फिरत फिरत माझ्यावर येऊन थांबले.

न्हाव्याच्याही ते लक्षात आलं. "अरे, हा आहे की," तो म्हणाला. "जन्मभर यांच्याबरोबर काम केलंय याने. काय रे, तू सांग. गुडघ्याला कधी काही कळत होतं का?"

जगात एकच माणूस होता ज्याने एकतीस वर्षं चूक शोधली होती आणि एकही सापडली नव्हती. 'कळत होतं' एवढंच म्हणायचं होतं. पण कळत होतं म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: मग ते बंद झालेलं तुला माहीत होतं का? आणि माहीत होतं, तर ताडपत्री कुठे होती?

"कळत कसलं," मी म्हणालो. "मीच खालून आभाळ बघून सांगायचो त्यांना. ते वर चढून गुडघ्याचं नाव करायचे."

दुकानात हशा पिकला. वाण्याने माझ्या पाठीवर थाप मारली. "अस्सं! म्हणजे खरा गुडघा तू!"

गवंडी मात्र हसला नाही. "मग शुक्रवारी नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं. ताईला विचारा. ताडपत्री न्या म्हणालो, पट्टा पट्टा उघडा म्हणालो. ऐकतात का कधी?"

सगळ्यांनी आरशात पाहिलं. न्हाव्याने वस्तरा उचलला, त्यांना बोलता यावं म्हणून. भाऊजींच्या अर्ध्या चेहऱ्यावर साबण होता. ताईने मला काही सांगितलं होतं, ताडपत्री हातात दिली होती, हे त्यांना त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. आता कळलं. मी त्यांना ओळखतो, सगळं कळलं. मी वाट बघत होतो, आता ते वरून बोलतात तसं बोलतील, माझी सालटी काढतील.

"हो," भाऊजी म्हणाले. "त्याने सांगितलं होतं. मीच ऐकलं नाही."

न्हाव्याने उरलेली दाढी केली. भाऊजी उठले, फडक्याने तोंड पुसलं, कानामागचा साबण तसाच राहिला. दारात थांबून त्यांनी मला विचारलं, येतोस का मास्तरांकडे. मी म्हणालो, तुम्ही व्हा पुढे. माझा नंबर आला होता, म्हणून मी खुर्चीत जाऊन बसलो.